ऑनलाइन दारू डिलिव्हरीचं ॲप काढायचंय? परवाना ॲपला नाही, बाटलीला लागतो

मी मूळचा किन्हवलीचा, शहापूर तालुक्यातला, आणि नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनियर. त्यामुळे गावाकडच्या पोरांकडून वर्षातून दोन-तीनदा तरी एकच प्रश्न येतो : "दादा, दारू घरपोच द्यायचं ॲप बनवायला किती खर्च येईल?" आयडिया का सुचते ते कळतं. पाड्यावर दुकान नसतं, पण फोन प्रत्येकाच्या खिशात असतो आणि बाइकही असते. मग किराणा घरी येतो, बिर्याणी घरी येते, तर बाटली का नाही?

ॲप बनवणं अवघड नाही. घोडं अडतं ते परवान्यावर. म्हणून या लेखात आपण बघू की महाराष्ट्रात या धंद्याला नक्की कोणकोणत्या परवानग्या लागतात, आजवर इथे काय काय घडलं, आणि आपल्या शहापूर-मुरबाड भागात अजून एक वेगळी पायरी का येते. शेवटी ग्राहक म्हणून फसवणूक कशी टाळायची तेही सांगतो.

आधी थोडक्यात उत्तर

महाराष्ट्रात "ऑनलाइन दारू डिलिव्हरी" या नावाचा वेगळा परवाना नाही. परवाना असतो तो दुकानाला. त्या दुकानातून निघालेली बाटली ज्याच्या ज्याच्या हातातून जाते, त्या प्रत्येकाला वेगळी परवानगी लागते. ॲप या साखळीच्या वर बसू शकतं, साखळीची जागा घेऊ शकत नाही. साखळीतली एक कडी जरी नसली, तरी ॲप कितीही भारी असलं तरी कायद्याच्या भाषेत ती अवैध विक्री किंवा अवैध वाहतूकच ठरते.

कायदा "डीफॉल्ट डिनाय" आहे

नेटवर्किंग शिकलेल्यांना फायरवॉलचा एक नियम माहीत असेल : आधी सगळं ब्लॉक करायचं, मग जे हवं तेवढंच उघडायचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अगदी तसाच लिहिलेला आहे. पूर्वी याचं नाव मुंबई दारूबंदी कायदा होतं, आणि बातम्यांत अजूनही तेच नाव दिसतं.

या कायद्याचं कलम १२ सांगतं की दारू बनवणं, राज्यात आणणं, बाहेर नेणं, वाहतूक करणं, जवळ बाळगणं, विकणं आणि विकत घेणं, सगळ्याला मनाई. मग कलम ११ सांगतं की परवाना, परमिट किंवा पास असेल तर त्यात लिहिलंय तेवढं करता येईल. म्हणजे "कायद्यात ऑनलाइनला बंदी कुठे लिहिलीय?" हा प्रश्नच उलटा आहे. विचारायचं असतं ते "परवानगी कुठे लिहिलीय?"

आणखी एक गोष्ट. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दारू हा विषय राज्यांकडे आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. आणि दारूचा धंदा करणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक या खटल्यात स्पष्ट केलंय. किराण्याचं ॲप कोणीही काढू शकतो, इथे मात्र सरकारने दरवाजा उघडला तरच आत जाता येतं.

दुकानाचे परवाने कोणते?

- एफएल-१ : विदेशी मद्याचा ठोक विक्रेता. हा दुकानांना माल देतो, ग्राहकाला नाही.
- एफएल-२ : आपण ज्याला "वाईन शॉप" म्हणतो ते. सीलबंद बाटली विकायची, दुकानात बसून पिता येत नाही.
- एफएल-३ : परमिट रूम, बार. इथे बसून प्यायचं, बाटली पार्सल देणं हा याचा उद्देश नाही.
- एफएल/बीआर-२ : बिअर शॉपी.
- सीएल-३ : देशी दारूचं दुकान.

"विदेशी मद्य" या शब्दाने गोंधळू नका. भारतातच बनलेली व्हिस्की, रम, व्होडका हेही याच प्रकारात मोजतात.

डिलिव्हरीचा विचार करायचा तर मुख्य परवाना एफएल-२. आणि इथे पहिला मोठा धक्का बसतो : राज्यात १९७० च्या दशकापासून नव्या वाईन शॉपचे परवाने देणं जवळपास थांबलेलं आहे. जुने परवानेच एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि त्यांची किंमत प्रचंड असते. म्हणजे नवीन पोराने "मी एफएल-२ काढतो आणि सुरू करतो" म्हणणं प्रत्यक्षात शक्य नसतं. त्याला आधीच परवाना असलेल्या दुकानदाराबरोबर काम करावं लागतं. आणि दुकानदारही आपला परवाना परस्पर दुसऱ्याला चालवायला देऊ शकत नाही. भागीदार घ्यायचा तरी उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते.

परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं आणि नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. जिल्ह्यात हा सगळा कारभार जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधीक्षक बघतात. आपल्यासाठी ते ठाण्याला.

बाटलीच्या प्रवासातल्या पाच कड्या

१. दुकान : वर सांगितलेला परवाना. विक्री, बिल आणि पैसे दुकानाच्या नावावर हवेत. पैसे ॲपवाल्याच्या खात्यात आले आणि त्याने दुकानातून बाटली घेऊन पुढे दिली, तर विकणारा ॲपवालाच ठरतो. आणि त्याच्याकडे परवाना नाही.

२. माणूस : दारूच्या दुकानात काम करणाऱ्या नोकरासाठी "नोकरनामा" लागतो. दुकानदार कोणालाही काउंटरवर उभा करू शकत नाही. जेवण पोचवणारा पोरगा उद्या बाटली पोचवेल, हे इतकं सरळ नाही.

३. वाहतूक : वाहतूक ही कायद्यात विक्रीपासून वेगळी गोष्ट आहे. बाटली कायदेशीर दुकानातून घेतलेली असली, तरी ती तुम्ही कोणत्या अधिकाराने नेताय हा प्रश्न उरतोच.

४. ग्राहक : हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला आणि प्यायला ग्राहकालाही परमिट लागतं. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचं ५ रुपये, वर्षाचं १०० रुपये आणि आजीवन १००० रुपये. गंमत म्हणजे या परमिटवर आजही "आरोग्य टिकवण्यासाठी" अशा अर्थाचे शब्द असतात. वार्षिक आणि आजीवन परमिटसाठी उत्पादन शुल्क विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. वयाची अट बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षं, बाकीच्या मद्यासाठी २५ वर्षं.

५. वेळ आणि ठिकाण : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद. जिल्हाधिकारी स्थानिक कारणासाठीही बंदचा आदेश काढू शकतात. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. म्हणजे ॲपमध्ये ही यादी कोडमध्ये पक्की लिहून चालत नाही, ती सर्व्हरवरून रोज बदलता आली पाहिजे.

महाराष्ट्रात आजवर काय घडलं?

ऑक्टोबर २०१८ : तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी घरपोच दारूचा विचार बोलून दाखवला. दारू पिऊन गाडी चालवणं कमी होईल, हे कारण दिलं होतं. टीका झाली आणि लगेच माघार घेतली गेली.

मे २०२० : लॉकडाऊनमध्ये दुकानं उघडली तशी रांगा लागल्या. ८ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सुचवलं की गर्दी टाळण्यासाठी घरपोच किंवा थेट संपर्काशिवायच्या विक्रीचा विचार करावा. त्याच महिन्यात महाराष्ट्राने घरपोच विक्रीला आदेश काढून परवानगी दिली. पुण्यात दुकानावर जाण्यासाठी ई-टोकनही सुरू झालं होतं. मुंबईत त्या महिन्याच्या शेवटी घरपोच सेवा सुरू झाली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांतही पुन्हा घरपोच विक्री झाली.

यात नीट बघण्यासारखं काय? आदेशाने ॲप कंपन्यांना नवा परवाना दिला नाही. आधीच परवाना असलेल्या दुकानांना, परमिट असलेल्या ग्राहकाच्या पत्त्यावर माल पोचवायची मुभा दिली. विदेशी मद्य, बिअर आणि वाईन यांच्यापुरती. आणि मुभा लॉकडाऊनच्या काळापुरती. "कोविडमध्ये चालत होतं की" या वाक्यावर आज कोणी गुंतवणूक करू नये, ते याच्यासाठी.

जानेवारी २०२२ : सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यावरही एवढा विरोध झाला की प्रत्यक्षात ते आलं नाही. घोषणा आणि नियम यात किती अंतर असतं, याचं हे उदाहरण लक्षात ठेवा.

दुसऱ्या राज्यांत कसं चालतं?

मे २०२० मध्ये स्विगीने झारखंड सरकारच्या परवानगीने रांचीत दारू पोचवायला सुरुवात केली. पश्चिम बंगाल आणि ओडिशातही ॲपमार्फत विक्रीला मान्यता मिळाली. दिल्लीने २०२१ मध्ये एल-१३ परवान्याखाली ॲप किंवा पोर्टलवरून ऑर्डर घेण्याची तरतूद नियमात केली. त्यातही वसतिगृह, कार्यालय आणि संस्थेत डिलिव्हरीला मनाई होती.

उलट उदाहरण कर्नाटकचं. चेन्नईच्या हिपबार कंपनीने बेंगळुरूत ॲपवरून दारू पोचवणं सुरू केलं होतं. अधिकाऱ्यांनी आधी परवानगी दिली, नंतर काढून घेतली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तेव्हा मुद्दा सोपा ठरला : कर्नाटकच्या अबकारी कायद्यात आणि नियमांत ऑनलाइन विक्रीची तरतूदच नाही. थोडक्यात, साहेबांचं पत्र हातात असलं तरी त्याच्या मागे नियम हवा.

किन्हवलीत एक कडी जास्त : ग्रामसभा

आता आपल्याकडे येऊ. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड तालुक्यातली काही गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालायचा, नियमन करायचा किंवा मर्यादा आणायचा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेला मिळावा, असं हा कायदा सांगतो. महाराष्ट्राने याचे नियम २०१४ मध्ये काढले. याच नियमांमुळे एखाद्या पाड्यालाही स्वतःची वेगळी ग्रामसभा मिळू शकते.

शिवाय राज्यभर लागू असलेला २००८ चा आदेश आहे, ज्याला आपण "आडवी बाटली" म्हणून ओळखतो. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदार महिलांनी आडवीला मत दिलं की दुकान बंद.

आता विचार करा. एखाद्या गावातल्या बायांनी सह्या गोळा केल्या, तहसील गाठलं, मतदान करून दुकान बंद पाडलं. पुढच्या महिन्यात तुमचं ॲप तिथे रात्री नऊला बाटली पोचवतंय. दुकान गेलं कुठे? ते चौकातून उठून खिशात आलं. तुम्ही म्हणाल विक्री शहापुरात झाली, आम्ही फक्त पोचवली. पण दारात पैसे घेतले आणि दारात बाटली दिली, तर व्यवहार त्या दारातच झाला असं ग्रामसभा म्हणणार, आणि माझ्या मते तिचं म्हणणं जास्त वजनदार आहे.

तांत्रिक बाजूनेही हे सोपं नाही. शहरात पिनकोडवरून डिलिव्हरीचा भाग ठरवतात. आपल्याकडे एका पिनकोडखाली कितीतरी गावं आणि पाडे येतात, त्यातल्या एकाचा ठराव वेगळा आणि शेजारच्याचा वेगळा. पाड्यांची हद्द नकाशावर धड दिसतही नाही. म्हणजे इथे जिओफेन्सिंग करायचं तर आधी ग्रामसेवकाकडे जाऊन ठरावाची वही बघावी लागेल.

दारूबंदी कायद्याबाहेरची यादी

- अन्न परवाना : मद्य हे अन्नसुरक्षा कायद्याखाली येतं. मद्याचे मानक नियम २०१८ चे आहेत. विक्रेत्याला एफएसएसएआयचा परवाना हवा.
- कर : पिण्याच्या दारूवर जीएसटी नाही, तिथे राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट. पण ॲपचं कमिशन आणि डिलिव्हरी चार्ज ही सेवा आहे, तिच्यावर जीएसटी लागतो. एकाच ऑर्डरमध्ये दोन कर-पद्धती, म्हणून बिलिंगचं डिझाइन आधीपासून वेगळं ठेवावं लागतं.
- किंमत : बाटलीवरच्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही.
- जाहिरात : दारूबंदी कायद्याचं कलम २४ दारूची भलामण करणारी, विक्रीचं आमंत्रण देणारी जाहिरात रोखतं. इन्स्टाग्रामची रील आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस हे "फक्त स्टेटस" राहत नाही.
- डेटा : वय तपासायला आधारचा फोटो मागवून ठेवणार असाल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा. आणि खातं एकाचं, बाटली घेणारा दुसरा असं होतंच. म्हणून वयाची तपासणी दारातही करावी लागते.
- "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म" : माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं. पण किंमत ठरवणारा, पैसे घेणारा आणि माल पोचवणारा तुम्हीच असाल, तर त्या आडोशाला उभं राहता येत नाही.

ॲप नको, व्हॉट्सॲप ग्रुप चालेल का?

नाही, आणि या लेखात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच सांगायचंय. कारण गावाकडे प्रत्यक्षात होतं ते हेच : ग्रुपवर नाव टाकायचं, कोणीतरी शहापुरातून चार क्वार्टर आणायच्या, वर पन्नास-शंभर रुपये घ्यायचे. पोरांना वाटतं आपण मदत करतोय. कायद्यात याला कलम ६५ आहे. पेपरात "६५ ई" म्हणून जे वाचता, ते विनापरवाना विक्रीचं कलम. तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे, आणि माल नेणारी गाडी जप्त होऊ शकते. चॅट, यूपीआयची एंट्री आणि लोकेशन हा पुरावा तुम्ही स्वतःच तयार करून ठेवलेला असतो.

आपल्या भागातली किती मुलं पोलीस भरतीसाठी सकाळी रस्त्यावर धावतात ते तुम्हाला माहीत आहे. भरतीत शेवटी चारित्र्य पडताळणी असते. तिथे दाखल गुन्हा लपवता येत नाही. शंभर रुपयांच्या फेरीसाठी दोन वर्षांची तयारी पणाला लावायची का, हा हिशोब ज्याने त्याने करावा.

गावठी दारूचं तर नावही काढू नका. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने १०० हून अधिक माणसं गेली. सीलबंद बाटलीवरचा बॅच नंबर, दुकानाचं बिल, नोकरनामा ही कटकट वाटते, पण बाटली कुठून आली हे उलट शोधता यावं म्हणूनच ती आहे. गोवा किंवा दमणची स्वस्त बाटली मागवून देणंही तसंच. दुसऱ्या राज्यातून आणलेला माल म्हणजे आयात, तिला वेगळी परवानगी.

ग्राहक म्हणून सावध राहा

गुगलवर "वाईन शॉप होम डिलिव्हरी" शोधलं की नंबर सापडतात. त्यातले काही दुकानाचे नसतातच. लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्यात अशा खोट्या नंबरांनी अनेकांना फसवलं. पद्धत ठरलेली : आधी पैसे मागायचे, मग "पेमेंट अडकलं" म्हणून क्यूआर कोड पाठवायचा किंवा ओटीपी विचारायचा. पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. फसलात तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा, केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. दारू मागवत होतो म्हणून लोक तक्रारच करत नाहीत, आणि चोर नेमका त्याच लाजेवर धंदा करतो.

तरीही करायचंच असेल तर क्रम असा ठेवा

१. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ठाणे अधीक्षक कार्यालयात लेखी विचारा की आज घरपोच विक्रीला कोणता आदेश लागू आहे. तोंडी उत्तरावर जाऊ नका. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा.
२. तसा आदेश असेल तरच एफएल-२ परवानाधारकाशी बोला. विक्री, बिल आणि नोकर त्याचे, सॉफ्टवेअर तुमचं, असा करार वकिलाकडून करून घ्या.
३. ज्या गावांत जायचंय तिथले ग्रामसभेचे ठराव तपासा.
४. वय, परमिट, ड्राय डे आणि हद्द या चार तपासण्या कागदावर लिहून काढा.
५. कोड सगळ्यात शेवटी.

पहिल्या पायरीवर "आदेश नाही" असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा. ऑर्डर, रायडर, बिल आणि नकाशा, हे सगळं किराणा, भाजी आणि शेतीच्या बियाण्या-अवजारांच्या दुकानांसाठीही तसंच लागतं. पाड्यापर्यंत साबण-तेल वेळेत पोचवणारं ॲपही अजून कोणी धड बनवलेलं नाही, आणि त्यासाठी शॉप ॲक्टची नोंदणी आणि एफएसएसएआयची कागदपत्रं एवढ्यावर सुरुवात होते. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी दारूच्या ॲपचा प्लॅन करत असेल, तर पैसे घालायच्या आधी हा लेख त्याला पाठवा.